टाकीची कडक सळई

धाडकन आवाज झाला, सळई तुटली आणि गुत्तेदारानं टाळी वाजवली.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. ऑफिसं, खुर्च्या, पाट्या सगळं आलं. बांधकामाचा माल तपासायची लॅब तेवढी यायची राहिली. म्हणून तिकडच्या सळया आमच्याकडे नांदेडला यायच्या. ही सळई उदगीरजवळच्या एका गावातल्या पाण्याच्या टाकीची. दुष्काळ असल्यानं टाकीची घाई होती. म्हणून टाकी बांधणारा गुत्तेदार आणि कार्यकारी अभियंता दोघेही सळईसोबत जीपमधून आले होते.

टेन्साइल टेस्ट म्हणजे सळईची दोन्ही टोकं मशीनच्या जबड्यात धरायची आणि तुटेपर्यंत ओढायची. किती जोर लागला आणि सळई किती लांबली, याचा ग्राफ निघतो. चांगली सळई आधी जोर धरते, मग लांबत जाते, एका जागी बारीक होते आणि शेवटी तुटते. बांधकामात हाच इशारा असतो. आधी तडे दिसतात, माणसांना पळायला वेळ मिळतो. ही सळई लांबलीच नाही. ग्राफ सरळ वर गेला आणि संपला.

"लोड किती घेतला?" अभियंता साहेबांनी विचारलं.

"लागतो त्याहून जास्त."

"मग करा की पास!"

"इलाँगेशन नाही, साहेब. न लांबता तुटली. फेल आहे."

गुत्तेदार हसला. "कांबळे साहेब, लांबायला ती काय रबर हाय का? आपला माल लई कडक हाय."

साहेबांनी मान डोलावली. वरिष्ठांपुढे वाकण्यात हयात गेलेल्या माणसाला ताठ वस्तूचं फार कौतुक असतं.

"लोड तेवढा लिहा," ते म्हणाले. "मंत्र्यांचा दौरा ठरलाय."

मला राग आला. त्या टाकीखाली घागरी घेऊन गावातल्या बाया उभ्या राहणार होत्या, साहेब नव्हे. म्हटलं, "बेंड टेस्ट तर बघून जा."

बेंड टेस्ट म्हणजे सळई जाड दांड्याभोवती वाकवून बघायची. दोघांनी हौसेनं खुर्च्या पुढे ओढल्या. मागं सरा म्हटलं, तर ऐकेनात. सळई निम्मी वाकली, फुटली आणि तिचा तुकडा साहेबांच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला.

साहेबांनी आधी कान चाचपला. मग म्हणाले, "सगळा माल परत."

गावाच्या डोक्यावरचा धोका त्यांना ग्राफवर दिसला नव्हता. स्वतःच्या कानाजवळून गेला तेव्हा लगेच पटला.

नवी सळई आली. मी ओढली, ती छान लांबली आणि मग तुटली. टाकी झाली. मंत्र्यांनी फीत कापली.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गावावरून जाणं झालं. टाकीच्या सावलीत टँकर उभा होता आणि बाया घागरी घेऊन त्याच्याभोवती भांडत होत्या. तोच गुत्तेदार आता तिथं पाइपलाइन टाकत होता. मला बघून म्हणाला, "टाकीत थेंब न्हाई बघा, साहेब. आपलीच सळई चालली असती की!"

सळई तपासायचं काम माझं होतं, ते मी केलं. टाकीत भरायला पाणी आहे का, हे तपासायचं काम त्या नव्या जिल्ह्यात कुणाकडे होतं, ते मला अजून कळलेलं नाही.