आबांची बादली, माझं टोपण

क्लाउन लोच नावाचे मासे झोपतात ते सरळ कुशीवर पडून. तळाच्या वाळूत, अगदी मेल्यासारखे. मला हे मोबाइलवरच्या व्हिडिओतून माहीत होतं, आबांना कुणी सांगितलं नव्हतं. आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर ते पिंपळगाव रेणुकाईहून आमच्याकडे नवीन जालन्यात राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात भरदुपारी त्यांचा मला दुकानात फोन आला.

"जल्दी घरी ये. तुझे दोन मासे गेले."

मी शटर अर्धं ओढून घरी आलो, तर पाचच्या पाच लोच काकडीच्या चकतीला लोंबकळत होते. नारिंगी अंग, त्यावर तीन काळे पट्टे, लालभडक शेपटी. आबा तोंडात मारल्यासारखे उभे होते. आम्ही सगळे खूप हसलो. नंतर कुणी पाहुणा आला की तेच ऐटीत सांगायचे, "मेले न्हाईत, झोपून राह्यलेत."

माशांच्या त्या काचेच्या टाकीचा त्यांना इतका लळा लागेल असं वाटलं नव्हतं. सकाळचा चहा टाकीसमोर, पेपर टाकीसमोर. खाताना लोच टक् टक् असा आवाज करतात, तोसुद्धा आधी त्यांनाच ऐकू आला. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. काकडीची चकती पाण्यात सोडण्याचं काम तिनं आणि आबांनी वाटून घेतलं होतं. पीक बघावं तसे आबा मासे बघायचे. "तो कोपऱ्यातला आज फिक्का पडून राह्यला," म्हणायचे, आणि दोन दिवसांनी तो मासा खाणं सोडायचा. खरं म्हणजे मासे माझे होते, हौस माझी होती, पण रंग त्यांना कळायचा.

पाण्याचा एक नियम मी घालून दिला होता. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं आणि आलं की क्लोरीनचा भपकारा येतो. म्हणून माशांसाठी एक ड्रम वेगळा. दोन दिवस उघडा ठेवून मुरलेलं पाणीच टाकीत जायचं.

जानेवारीत टाकीतला हीटर बंद पडला आणि ते मला तीन दिवस कळलंच नाही. आबा म्हणत होते, सगळेच फिक्के दिसतायत. मी म्हणालो, थंडीनं होतं. चौथ्या दिवशी माशांच्या अंगावर रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके दिसले. मासे जिथून आणले त्या दुकानदाराला फोन केला. त्यानं औषध दिलं आणि बजावून सांगितलं, "लोचला निम्माच डोस. त्यांचे खवले अगदी बारीक असतात, औषध सरळ अंगात भिनतं."

आता माझा धंदा सांगतो म्हणजे माझी लायकी कळेल. माझं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. पंपाला एक टोपण पुरे असलं तरी शेतकरी दोन टाकतो, अळी मेलेली डोळ्यांनी दिसायला हवी म्हणून. मी दिवसभर काउंटरवरून तेच ओरडत असतो, "मालक, लिहिलंय तेवढंच टाका." आणि घरी मी काय केलं? पहिल्या दिवशी निम्मा डोस दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपके तसेच दिसले. माझं डोकं सटकलं. टाकीतलं थोडं पाणी काढलं, पूर्ण डोस ओतला, वर आणखी एक टोपण. काढलेलं पाणी भरायचं तर ड्रम रिकामा होता. संध्याकाळी बघू म्हणून दुकानात निघून गेलो.

त्याच दुपारी नळाला पाणी आलं. टाकीतलं पाणी उतरल्यामुळे फिल्टर खरखर करत होता. आबांना राहवलं नाही. त्यांनी बादलीभर पाणी टाकलं.

मी परतलो तेव्हा तीन लोच वाळूत आडवे होते. आबा खुर्चीतच बसले होते. मला म्हणाले, "आज लय येळ झोपलेत."

मी हात घालून एकाला हलवलं. नुसत्या बोटानं तो उलटा झाला.

तेवढ्यात मुलगी शिकवणीहून आली. तिला कळायला वेळ लागला नाही. ती रडत विचारत होती, कुणी काय केलं, काय केलं. आबा उठून उभे राहिले. "म्या बादलीभर पाणी टाकल्तं पोरी. नळाचं. फिल्टर वाजत व्हता."

तिनं माझ्याकडे पाहिलं. आबांनीही पाहिलं. औषधाची बाटली तिथेच फिल्टरमागे होती.

मी म्हणालो, "नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आबा. किती वेळा सांगितलं."

एकदाच सांगितलं होतं. बाकी वाक्य खरं होतं, म्हणून ते माझ्या तोंडून सहज निघालं. एवढ्या मोठ्या टाकीत एका बादलीनं तीन मासे मरत नाहीत, हे मला त्याच क्षणी माहीत होतं. उलट त्या बादलीनं औषध पातळ झालं आणि उरलेले दोन वाचले असतील तर त्यामुळेच. हेही कळत होतं. मी गुपचूप बाटली उचलून कपाटात ठेवली.

आबांनी दहा वर्षांच्या पोरीची माफी मागितली. ती महिनाभर त्यांच्याशी नीट बोलली नाही आणि काकडी एकटीच टाकू लागली. आबा मग प्रत्येक गोष्ट विचारून करायला लागले. तुळस सुकली, पाणी टाकू का? माठ रिकामा आहे, भरू का? ज्या माणसानं जन्मभर अंगठ्यानं माती दाबून अख्ख्या रानाचं पाणी ठरवलं, तो माझ्या फ्लॅटमध्ये तांब्याभर पाण्याला परवानगी मागत होता. मी "टाका की" म्हणायचो, तेही वैतागून. उन्हाळ्यात ते गावी निघून गेले. एका लग्नात माझ्या मेव्हण्यानं "आबांना पाणी वाढायला लावू नका" अशी थट्टा केली. सगळे हसले, आबाही हसले. मी पण हसलो, याची मला आजही शरम वाटते.

दोन वर्षांनी धीर झाला. गावी गेलो होतो, गव्हाला पाणी सुरू होतं. बांधावर बसून सगळं सांगितलं: निम्मा डोस, टोपण, बाटली. आबा पाण्याकडे बघत ऐकत राहिले.

"पोरीला सांगितलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग मला सांगून काय फायदा," म्हणाले आणि पुढच्या वाफ्यात पाणी वळवायला, दारं धरायला उठून गेले.

त्याच रात्री घरी येऊन मुलीला सांगितलं. मला वाटलं ती चिडेल, भांडेल. ती एवढंच म्हणाली, "मी त्यांना खुनी म्हणाले होते, पप्पा." हे मला माहीत नव्हतं. मग ती फोन घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं.

आबा आता अधूनमधून येतात. टाकीत नवे तीन लोच आहेत आणि जुने दोन वीतभर होत आलेत. त्यांचा नारिंगी रंग पुन्हा तसाच गडद झालाय. गेल्या रविवारी पाणी थोडं उतरलं होतं. मुलीनं मुरलेल्या पाण्याची बादली भरून आबांच्या हातात दिली. "टाका आबा, तुम्हीच टाका," म्हणाली. त्यांनी बादली टाकीच्या काठापर्यंत उचलली, तिथेच थांबवली, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "टाकू का रे?"