दादाचे थांबे

वहिनीचा फोन आला तेव्हा मी ग्वाल्हेरच्या मुरार भागात, माझ्या घरी साबुदाणा भिजत घालत होते. "वन्सं, हे उठत नाहीयेत हो..." एवढंच ती म्हणाली. खरं सांगते, पहिल्यांदा मला रागच आला. सकाळी बाजारात जाऊन यायचं, चहा घ्यायचा, खुर्चीत डोळे मिटायचे आणि कुणाला काही न सांगता निघून जायचं, ही काय रीत झाली? दौलतगंजला दादाच्या घरी पोचेपर्यंत रिक्षात मी त्याला मनातल्या मनात झापत होते. अरविंददादा माझा थोरला भाऊ, पण झापण्याचं काम लहानपणापासून माझ्याकडे होतं. हृदयाचा झटका होता, डॉक्टर म्हणाले. आता काही आठवडे झाले, राग गेलाय. माणूस मात्र फार आठवतो.

दादा बँकेतून रिटायर झाल्यापासून रोज सकाळी पायी टोपी बाजारात जायचा. तसा रस्ता जवळचाच, पण त्याला दुपार व्हायची. आधी अत्तरवाल्याकडे थांबायचा, मग पूजेच्या सामानाच्या दुकानात, मग टोप्यांच्या दुकानात. लांबून तो दिसला की दुकानदार स्टूल बाहेर काढायचे. "आइए भाईसाहब, बैठिए." कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या जावयाची बदली, सगळं दादाला तोंडपाठ. वहिनी वैतागायची. "कोथिंबीर मागवली तर जेवणं उरकल्यावर येते," म्हणायची. मी म्हणायचे, ह्याला एकदा निवडणुकीला उभं करा, डिपॉझिट तरी नक्की वाचेल. तो हसायचा आणि सिगरेट पेटवायचा.

एका हिवाळ्यात पुण्याहून पाहुणे आले म्हणून आम्ही सगळे किल्ल्यावर निघालो. दादाच्या मनात गाडीने वरपर्यंत जायचं होतं, पण पाहुण्यांना चढावरच्या दगडात कोरलेल्या मूर्ती बघायच्या होत्या, म्हणून पायी चढायचं ठरलं. किल्ल्याच्या चढावर दुकानं नाहीत. दादा थोडं चालला की एखाद्या मूर्तीसमोर थांबायचा, बोट दाखवून काहीतरी सांगायचा. पाहुणे खूश. मला नवल वाटलं, कारण जन्मभर ग्वाल्हेरात राहून ह्याने त्या मूर्तींकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. पुढच्या वळणावर मूर्ती नव्हती, नुसती भिंत होती. तिथेही तो थांबला. मी मागे वळून बघितलं तर खाली वाकून पोटरी दाबत होता, आणि चेहरा घामाने भिजलेला... भर थंडीत.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"वर्षांपासून म्हण," तो म्हणाला. "थांबलं की दुखायचं राहतं गं. म्हणून थांबतो."

डॉक्टरांनी तपासलं, पायाचा मोजा काढायला लावला. मोज्यात एक बोट काळं पडायला लागलं होतं. पायाला रक्त नेणाऱ्या नळ्या आतून अरुंद झाल्या होत्या. कॉलेजपासूनची सिगरेट, जुनी साखर, ब्लडप्रेशर, रोज सकाळची तळलेली बेडई आणि वर जिलबी, शिवाय आमच्या वडिलांचाही असाच इतिहास. सगळं जुळून आलेलं. रक्त पोचलं नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. वहिनी घरी येऊन रडली. आजाराने नाही, इतकी वर्षं ह्या माणसाने आपल्याला गप्पांच्या नावाखाली गंडवलं म्हणून.

जांघेतून तार घालून, फुगा फुगवून, आत जाळी बसवली. पाऊल गरम झालं. वहिनी त्या पावलावरून हात फिरवत बसली होती. संध्याकाळपर्यंत पाय सरळ ठेवायचा, उठायचं नाही, अशी नर्सची सक्त ताकीद. आणि दुपारी आमच्या आत्या आल्या, नव्वदीच्या, काठी टेकत. आता आमच्या घरात आत्या खोलीत आल्या की कुणी लोळत राहत नाही, त्यांच्याकडे पाय करून तर नाहीच नाही. मी पाणी आणायला बाहेर गेले होते. परत येते तर दादा पलंगावर उठून, कमरेतून वाकून, आत्यांच्या पाया पडतोय! जांघेत रक्त उतरलं, बघता बघता लिंबाएवढी गाठ आली. डॉक्टर धावत आले आणि किती तरी वेळ दोन्ही हातांनी ती जागा दाबून उभे राहिले. आत्या काठी आपटत म्हणाल्या, "मूर्खा, आशीर्वाद झोपूनसुद्धा लागतो." पाय वाचला. जांघ मात्र पुढे कित्येक दिवस जांभळासारखी काळीनिळी होती, आणि आलेल्या प्रत्येकाला तो वहिनीसमोर सांगायचा, आत्यांचा आशीर्वाद इथे साठलाय म्हणून.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, ज्याच्या पायाच्या नळ्या तुंबतात त्याच्या हृदयाच्याही तुंबू शकतात. चालताना दम लागला, छाती भरून आली, तर लगेच सांगायचं. दादाने सिगरेट सोडली. जिलबीच्या दुकानासमोर मान फिरवून चालायला शिकला. आता तो न थांबता टोपी बाजार गाठू शकत होता. तरी दुपार व्हायचीच. मी चिडवलं, "आता कसलं निमित्त?" तर म्हणाला, "पाय दुखत होते तेव्हा ह्या लोकांनी बसायला दिलं. आता बरे झाले म्हणून त्यांच्या समोरून तरातरा निघून जाऊ?" मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. आजही वाटतं.

परवा वहिनी लेकीकडे इंदूरला निघाली. घराला मोठं कुलूप हवं होतं. इतकी वर्षं लागलंच नाही, घरी कुणी ना कुणी असायचंच. मीच टोपी बाजाराकडे निघाले. कुलपांचं दुकान घरापासून अगदी चार पावलांवर, अत्तरवाल्याच्याही अलीकडे. दादा तिथे कधी थांबत नसे. मी दादाचं नाव सांगितल्यावर दुकानदार पैसे घेईना. आतून स्टूल आणलं, नवं कोरं, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"भाईसाहब के लिए ही लाए थे," तो म्हणाला. "बरसों सामने से निकल जाते थे, बस राम-राम करके. इधर आख़िरी महीने में हमारे यहाँ भी बैठने लगे थे. रोज़. हमें बहुत अच्छा लगा, दीदी, कि चलो, हमारा भी नंबर आया."

घरापासून चार पावलांवरच दादाला बसावं लागत होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. स्टुलावर बसले, आणि त्याने मागवलेला चहा संपेपर्यंत बसून राहिले.