वेटिंग लिस्ट नव्हतीच

मंडळी, दुपारी शूटिंग रेंजवरून घरी आले, तरी अजून डोकं ठिकाणावर नाही. बंदुकीमुळे नाही.

निखिल माझा पुण्यापासूनचा मित्र. इथे न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनला आम्ही एकाच ऑफिसात आहोत. त्याच्याच नादाने मी लायसन्स काढलं, लिव्हर-अ‍ॅक्शन शॉटगन घेतली. "आमच्या क्लबात ये," म्हणाला होता. मग चार महिने एकच उत्तर, "अगं, वेटिंग लिस्ट आहे."

आज स्वतःच गाडी काढून गेले. वेटिंग लिस्टचं विचारलं तशा तिथल्या सेक्रेटरी बाई हसल्याच, माओरीत नमस्कार करत म्हणाल्या, "किआ ओरा! आमच्याकडे कसली वेटिंग लिस्ट? आत ये."

त्यांनी शेजारी उभं राहून शिकवलं. लिव्हर खाली ओढला की रिकामं काडतूस बाहेर, वर घेतला की नवं आत. घाबरत अर्धवट ओढला की अडकतो. चौथ्या बाराला हवेत उडवलेली मातीची तबकडी फुटली आणि अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वळून बघते तर मागे निखिल.

बंदूक रिकामी करून रॅकवर ठेवली, मगच विचारलं, "का रे?"

तो हळूच मराठीत म्हणाला, "इथे मी एकटाच आपल्यातला आहे, तेच बरं वाटतं. तू आलीस की आपला सगळा मराठी ग्रुप येईल."

"मग तसं सांगायचंस. खोटं कशाला?"



मी मेंबरशिपचा फॉर्म भरला. ओळख देणाऱ्या सभासदाच्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. बाईंनी ते घेतलं आणि स्वतःचं नाव लिहिलं.

तुम्हीच सांगा, ज्याला चारचौघांत आपली ओळख नको असते, त्याला मित्र म्हणत राहायचं का?