गळ्याचं तेवढं राहू दे

भोपाळजवळच्या मंडीदीपमधल्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. दुसऱ्याच्या बोटांची, डोळ्यांची आणि डोक्याची काळजी करायचा मला पगार मिळतो. रोज सकाळी पाळी सुरू होण्याआधी कामगारांना गोळा करून मी भाषण ठोकतो. हेल्मेट, चष्मा, हातमोजे, बूट, सगळं झालं की शेवटचं वाक्य ठरलेलं: "खतरा दिखे तो हाथ उठाओ और काम रुकवाओ. हर आदमी को हक है. काम रोकने से कुछ नहीं बिगड़ता."

इतक्या वर्षांत एकानंही हात वर केला नाही. माझ्या कारखान्यात धोकाच उरलेला नाही, असा याचा अर्थ मी लावला होता, आणि या समजुतीवर मी बरीच वर्षं सुखानं झोपलो. चष्म्याशिवाय ग्राइंडरवर वाकलेला कुणी सापडला की त्याचं उत्तरही ठरलेलं असे, "साब, दो मिनट का तो काम था." मग मी त्याला त्या दोन मिनिटांत काय काय होऊ शकतं, यावर अर्धा तास ऐकवायचो.

हाच मी घरी खुर्चीवर स्टूल ठेवून, स्लिपर घालून, पंखा पुसतो. बायको खाली स्टूल धरून उभी राहते आणि म्हणते, "अहो, तुमच्या कारखान्यातल्या लोकांना एकदा चहाला बोलवा ना. पंखा पुसायच्या दिवशी."

आमची मुलगी हॉकी खेळते. भोपाळमध्ये हॉकीचं वेड नवीन नाही, पण मराठी घरातल्या मुलीनं नाटक, गाणं किंवा फार तर बॅडमिंटन करावं, असं माझं मत होतं. मी तिच्यापुढे बुद्धिबळाचा पटही मांडून पाहिला. त्यात लागण्यासारखं काही नसतं. तिनं ऐकलं नाही. मग एक दिवस ती म्हणाली, "बाबा, मला गोलकीपर केलंय," आणि तिच्या संघातल्या आधीच्या गोलकीपरला मी जाऊन पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली! मैदानावरच्या सगळ्या मुलींमध्ये तीच एकटी माझ्या नियमांत बसत होती. मी त्या दिवशी पेढे आणले. जिच्यावर सगळे बॉल मारतात तीच ही मुलगी, हा मुद्दा बायकोनं मागाहून लक्षात आणून दिला.

किट आलं तेव्हा बैठकीच्या खोलीत मी त्याची रीतसर तपासणी केली. पायांचे जाड पॅड, बुटांवर बसवायचे किकर, छातीचा गार्ड, हातमोजे, जाळीचं हेल्मेट आणि गळ्याभोवती बांधायचा एक छोटा गार्ड. तिला सगळं चढवायला लावलं आणि स्वयंपाकघरातून लाटणं आणून मी एकेका जागी ठोकत सुटलो. "लागतं?" "नाही." "आता?" "नाही बाबा!" समोरच्या क्वार्टरमधल्या काकूंनी खिडकीतून हा प्रकार पाहिला आणि संध्याकाळी बायकोला हळूच विचारलं, "सब ठीक है ना घर में?"

मुलीची तक्रार फक्त त्या गळ्याच्या गार्डबद्दल होती. तो टोचतो, त्यात घाम येतो, मान वळत नाही. तिला समोर बसवून मी समजावलं, "हेल्मेट संपतं आणि छातीचा गार्ड सुरू होतो, त्याच्या मधे जे उघडं राहतं ना, बॉल बरोबर तिथेच येतो. बाकी सगळं एक वेळ विसरलीस तरी चालेल, हे नाही." ती "हां हां" म्हणाली. घरात माझं कुणी ऐकत नाही याची मला तोवर सवय झाली होती.

आता खंडे नवमी. माझे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून इथे आले आणि येताना ही पूजा घेऊन आले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्याची जी हत्यारं असतील ती पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वडील कारकून होते, त्यामुळे आमच्याकडे स्टेपलर आणि शिक्क्यांची पूजा व्हायची. पण वडील व्यवहारी होते. नवमीला सही करायची वेळ आलीच तर ते पाटावरचं पेन उचलत आणि स्टेपलर तिथेच ठेवत. ज्याची हत्यारं त्याचं एक तरी पाटावर राहिलं की पूजा मोडत नाही, हा त्यांचा नियम. मीही तो पाळतो. पक्कड ठेवून स्क्रूड्रायव्हर उचलल्याचं पाप माझ्या नावावर बरंच आहे.

त्या वर्षी पाटावर माझी हत्यारं होती, बायकोची विळी होती, आणि पहिल्यांदाच मुलीचं किट होतं. किट मीच मांडलं. प्रत्येक वस्तूला कुंकू लावलं, हेल्मेटच्या जाळीत झेंडू खोचला. बायको कॉलनीच्या मंडळात मुलींना जेवायला वाढायला गेली होती. जाताना बजावून गेली, "पूजा हलवू नका."

ती गेली आणि कोचचा फोन आला. निवड चाचणी दसऱ्यानंतर होणार होती, ती आजच दुपारी ठेवली होती. निवड झाली तर मुलगी राज्याच्या शिबिरात जाणार होती. पहाटेचा गजर, गुडघ्यांवरचे काळेनिळे डाग, मैत्रिणींचे चुकलेले वाढदिवस, सगळं त्या शिबिरासाठी चाललं होतं. ती पाटापुढे उभी राहिली.

"बाबा, पूजा उठवू? कल से छुट्टी लग रही है, म्हणून आजच घेतायत."

मला दोघांची भीती वाटली. एक देवाची, दुसरी बायकोची. दुसरी मोठी होती. मी वडिलांचा नियम काढला. "तुझं एक काहीतरी राहू दे पाटावर. बाकी ने."

"काय ठेवू?"

पॅड राहू देता येत नव्हते. हेल्मेट तर नाहीच. मी पाटाकडे पाहिलं. सगळ्यात लहान वस्तू कोपऱ्यात होती, तान्ह्या बाळाच्या लाळेऱ्याएवढी, वर कुंकवाचं बोट.

"गळ्याचं तेवढं राहू दे," मी म्हणालो. "थोड्या वेळाची तर चाचणी आहे."

हे वाक्य मी म्हणालो. ग्राइंडरवर वाकलेला कुणी असता तर त्याला मी अर्धा तास सोडला नसता. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होती, पण खाली मैत्रिणीच्या वडिलांची व्हॅन हॉर्न वाजवत होती. ती किट घेऊन पळाली. मी स्कूटरवर मागून गेलो.

मैदानावर पोचल्यावर मी काय केलं? शेजारी बसलेल्या एका पालकांना दातांचा गार्ड का घालावा यावर व्याख्यान दिलं. हात हलवून, जबडा दाखवून दिलं. त्यांनी नम्रपणे मान डोलावली आणि मग समोर बोट दाखवून विचारलं, "वो आपकी बिटिया है ना? खेल नहीं रही?"

खेळ सुरू झाला होता. गोलमध्ये दुसरीच मुलगी उभी होती. माझी मुलगी बाकावर बसली होती, पायाला पॅड, छातीला गार्ड, हेल्मेट मांडीवर. मला वाटलं तिला लागलं. मी धावतच बाकापाशी गेलो.

"कुठे लागलं?"

"नाही लागलं." तिनं दोन बोटं गळ्याजवळ नेली. "वॉर्म-अपला एक बॉल इथून गेला. इतका जवळून." मग खाली बघत म्हणाली, "मी हात वर केला. सरांना सांगितलं, गळ्याचा गार्ड नाहीये, मैं नहीं उतरूंगी."

"मग?"

"सर म्हणाले, थोड़ी देर की बात है, उतर जा. मी नाही म्हटलं. जिच्याकडे गार्ड आहे ती घालून खेळतेय, ती कशी देईल? तुम्हीच सांगता ना रोज, हात वर करायचा, काम थांबवायचं. तुम्ही आरशासमोर भाषणाची प्रॅक्टिस करता तेव्हा ऐकू येतं मला."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावलेली नव्हती, नुसती घाबरलेली होती, चाचणी हातची जाईल म्हणून.

"मी आलोच," म्हणालो आणि स्कूटर काढली.

आमचं घर जवाहर चौकाच्या मागे. एरवी हे अंतर म्हणजे काहीच नाही. पण नवमी होती, आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी भंडारा लागलेला. रस्त्यावर मांडव, पंगती, लाउडस्पीकर. पहिल्या मांडवापाशी स्कूटर अडली आणि एका काकांनी पुरी आणि शिऱ्याचा द्रोण माझ्या हातात कोंबला. "माता का प्रसाद है, भैया, मना नहीं करते." मी नाही म्हणू शकलो नाही. पुढच्या गल्लीत दुसरा द्रोण. एका हातात हँडल आणि एका हातात शिरा, तोंडात पुरी, अशा अवस्थेत भोपाळच्या रस्त्यावरून एक सेफ्टी ऑफिसर चालला होता. ओळखीचं कुणी भेटलं नाही, एवढीच देवीची कृपा.

घरी बायको परत आली होती आणि अर्ध्या रिकाम्या पाटासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. धापा टाकत मी सगळं सांगितलं. मग वाकून तिनं तो गार्ड उचलला, त्यावरच्या अक्षता झटकल्या आणि माझ्या हातात दिला.

"पूजा हलवू नका म्हटलं होतं मी. पोरीचा गळा पाटावर ठेवून जा, असं म्हटलं नव्हतं."

मी गार्ड खिशात कोंबला आणि पुन्हा स्कूटर काढली.

परत पोचलो तेव्हा शेवटचा भाग सुरू होत होता. तिनं गार्ड बांधला, कुंकू गळ्याला लागलं, हेल्मेट चढवलं. जाळीत सकाळच्या झेंडूची एक पाकळी अजून अडकलेली होती. कोचनं तिला गोलमध्ये पाठवलं. मी बाकाजवळ उभं राहून हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे मागितलं की माझ्या मुलीकडे जोरात बॉल येऊ दे.

एकही आला नाही. सगळा खेळ मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्यात चालू राहिला. ती एकटी, नखशिखांत सुरक्षित, रिकाम्या गोलसमोर डावीकडून उजवीकडे सरकत राहिली. शिट्टी वाजली. नावं वाचली गेली. तिचं नाव त्यात नव्हतं.

किट व्हॅनमध्ये चढलं आणि ती माझ्या मागे स्कूटरवर बसायला आली. मी किल्ली लावली, तर तिनं मला थांबवलं. गार्ड आणायला निघताना घाईत माझं हेल्मेट मी बाकावरच विसरलो होतो. येताजाता सगळा वेळ मी उघड्या डोक्यानं फिरलो होतो, आणि ती ते सांभाळत बसली होती. तिनं ते पुढे केलं. मी घातलं. वाटेत ती माझ्या पाठीला डोकं लावून रडली. मला ते शर्टातून कळत होतं. आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घराजवळ आल्यावर म्हणाली, "पुढच्या वर्षी परत असते चाचणी." माझी समजूत तिनं घालावी, याहून लाजिरवाणं काय असेल?

दसऱ्याच्या सुट्टीनंतर कारखान्यात मी सकाळच्या भाषणाला उभा राहिलो. हेल्मेट झालं, चष्मा झाला, हातमोजे झाले. "खतरा दिखे तो हाथ उठाओ" इथपर्यंत आलो आणि अडलो. मग मी त्यांना नवमीची सगळी गोष्ट सांगितली. पाट सांगितला, शिऱ्याचा द्रोण सांगितला. लोक खूप हसले. मीही हसलो. मागून एका फिटरनं विचारलं, "साब, फिर बिटिया का सिलेक्शन हुआ?"

"नहीं हुआ."

हसणं थांबलं. सगळे माझ्याकडे बघत राहिले, आणि इतकी वर्षं हे लोक हात वर का करत नव्हते, ते मला तिथे उभ्या उभ्या समजलं. कुणाची पाळी जाणार होती, कुणावर मुकादम डाफरणार होता, कुणाला उद्या बोलावणार नव्हते. त्यांना ते ठाऊक होतं. मलाच नव्हतं, आणि मी रोज सकाळी त्यांना सांगत होतो की काही बिघडत नाही.

शेवटचं वाक्य मी बदललं. आता रोज तेच म्हणतो.

"काम रोकने से बिगड़ता है. मेरी बेटी का बिगड़ा. फिर भी हाथ उठाना. डाँट पड़े तो मेरे पास आना."