ब्रशवाल्या नानांचं झाड

याकोबनाना चर्चमध्ये प्रार्थना चालू असतानाही तारेला पीळ देत बसायचे. धुळ्यात बाटल्या धुवायचे ब्रश हाताने बनवायचा त्यांचा धंदा. दोन तारा, मध्ये नायलॉनचे धागे. पीळ दिला की धागे गोल फुलायचे. "हात रिकामा राह्यना का तोंड चालस," म्हणायचे. आमच्या चर्चमध्ये तोंडं फार चालतात, हे इथेच लिहून ठेवते.

नाताळचं झाडही त्यांनीच केलेलं. पूर्वी तरुण मंडळी दर डिसेंबरात साक्रीकडच्या डोंगरावरून एखादं कोवळं झाड तोडून आणायची. चार दिवस दिवे, मग सरपण. ते बघवेना म्हणून नानांनी माणसाच्या उंचीचा, फांद्याफांद्यांचा हिरवा ब्रशच उभा केला. माझ्या आईच्या लग्नाआधीपासून दर नाताळात तोच. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

मी प्लास्टिकविरोधी मोहिमेत होते. पत्रक काढलं: 'खोटं झाड हटवा! नाताळ प्लास्टिकमुक्त करा!' पहिली प्रत नानांकडेच नेली, भांडायच्या तयारीने.

"वाची दखाड. मना डोया गयात, कान शेतस."

सभेत वाचावं तसं वाचलं. नाना चिडले नाहीत. मिशनच्या साहेबाकडून ऐकलेली गोष्ट सांगू लागले. "जर्मनीमा जंगल तोडी तोडी सरी राह्यनं, तवय लोकेस्नी हंसना पिसं हिरवा रंगाडीसन झाड करं. मंग बाटलीना ब्रश करनारास्नी करं. आपलीच जात ती!"

"पण नाना, प्लास्टिक ते प्लास्टिकच!"

"शे ना. पन एकच शे. तू दरसाल नवं पत्रक छापस."

मी तणतणत निघाले आणि उरलेली पत्रकं वाटून टाकली.

त्यांची अंमलबजावणीही झाली. तरुण संघाच्या पोरांनी नानांचं झाड चर्चमागे नेऊन जाळलं, काळाकुट्ट धूर करत, आणि डोंगरावरून अंजनाचं कोवळं झाड तोडून आणलं. "खोटं हटवलं, ताई!"

नाना आले. बुंध्यावरचा कुऱ्हाडीचा घाव त्यांनी बोटांनी चाचपला. मी घाईने म्हणाले, "नाना, तोडा असं मी कुठेही लिहिलं नव्हतं."

"तोडू नका, असंबी लिखेल नव्हतं, पोरी."

नवं झाड करायला ते बसले होते, पण तारेला पीळ बसेना. मी शेजारी बसून शिकायला हवं होतं. मी सभांना जात राहिले. मार्चमध्ये नाना गेले.

पुढच्या नाताळात पोरं पुन्हा कुऱ्हाड घेऊन निघाली, तेव्हा मी मोटारसायकलची किल्लीच काढून घेतली. शिव्या खाल्ल्या. बाजारातून नवं प्लास्टिकचं आणू, असं कुणी म्हणालं. दोन वर्षांत फेकणार असाल तर नको, म्हटलं. कोपरा रिकामा राहिला.

उपासना संपल्यावर म्हाताऱ्या मार्थाअक्कांनी सगळ्यांदेखत विचारलं, "यंदा झाड कोठे शे वं?"

"साक्रीकडच्या डोंगरावर, अक्का," मी म्हणाले. "उभं आहे."