पिवळा न झालेला थेंब

संत्र्याचं पान खलात चिरडलं की उठणारा तो तिखट, हिरवा, किंचित कडवट गंध आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत सदैव दरवळत असतो. पण माघातल्या त्या कोवळ्या उन्हाच्या सकाळी तो मला जड वाटला, कारण ज्या झाडाची ती पानं होती, त्याच्या मालकीणबाई, कुसुमताई, समोरच बाकावर बसून होत्या.

पारशिवनीजवळ त्यांची रोपवाटिका. एकाच जुन्या, डेरेदार झाडाच्या फांद्यांवरचे डोळे घेऊन त्या संत्र्याची कलमं बांधत. यंदा बागेतली झाडं शेंड्याकडून वाळू लागली, आणि विषाणूच्या धास्तीनं त्यांच्या दिरांनी त्या झाडासकट सारी बाग तोडायचं ठरवलं.

"झाड खरंच बिमार असंन, त मीच कुऱ्हाड घालतो," त्या म्हणाल्या, "पण आधी मले सांगा."

विषाणूच्या कवचातलं प्रथिन ओळखणारी प्रतिपिंडं आम्ही सशाच्या रक्तातून मिळवली होती खरी. पण आरंभी ती निरोगी पानालाही रोगी ठरवत राहिली, आणि माझी सहकारी वनिता रडकुंडीला आली होती. मग ती प्रतिपिंडं निरोगी पानांच्या रसात मुरवून, भलतीकडे चिकटणारी तेवढी आम्ही गाळून टाकली. उरलेल्यांची खरी कसोटी आज होती.

दुपार कलताना ताटलीतल्या इवल्या खळग्यांत रंग उमलू लागला. पडताळणीसाठी ठेवलेल्या रोगट पानाचा थेंब पिवळाधमक झाला. निरोगी पानाचा निवळच राहिला. वनितानं माझा दंड गच्च धरला. ताईंनी आणलेल्या पानांपैकी बागेतल्या मोजक्या झाडांचे थेंब पिवळे झाले. पण त्या जुन्या झाडाच्या एकाही फांदीचा नाही. आम्ही चाचणी पुन्हा केली. उत्तर तेच.

"ताई, झाड निरोगी आहे."

त्यांनी लगेच फोन लावला. "भाऊजी, कुऱ्हाड ठेवा घरी! झाड चांगलं हाय माहं!" त्यांचा आवाज जिन्यापर्यंत घुमला, आणि आम्ही दोघी पोरींसारख्या हसत सुटलो.

फाल्गुनात आम्ही बागेत गेलो. रोगी झाडं त्यांनी स्वतः उपटली होती. जुनं झाड शुभ्र बहरानं लगडलं होतं, आणि शेजारपाजारचे बागाईतदार तपासायला ओल्या फडक्यांत फांद्या गुंडाळून आमची वाट पाहत होते. तो पिवळा रंग दिसावा म्हणून मी किती ऋतू झुरले होते. आणि आता त्या गंधभारल्या सावलीत एकेक अनोळखी फांदी हाती घेताना, तो उमटू नये, एवढंच मनोमन मागत होते.