एक नंबर मोठे बॅले शूज

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी बॅले शिकायला लागले आणि शूज घ्यायला आईला बरोबर नेलं. बॅलेवरून घरी सगळे हसले. खरा गाढवपणा आईला नेण्यात होता, तो मात्र कुणाच्या लक्षातच आला नाही.

आमच्या घरी पायातलं काहीही एक नंबर मोठं घ्यायचं आणि पुढे कापूस कोंबायचा. शाळेचे बूट तसे, कॉलेजच्या सँडल तशा, लग्नातल्या चपलासुद्धा तशाच. आख्खा जन्म दिल्लीत फटक फटक करत काढला मी!

दुकानदार म्हणाला, "आंटी, बैले में तो मोज़े जैसा फिट चाहिए."

आईने अंगठ्याने शूचं टोक दाबून बघितलं. "बिल्कुल नहीं. एक नंबर बड़ा दो भैया, पाँव बढ़ेगा."

"किसका?" त्याने दुकानात लहान मूल शोधलं.

"इसका," आई म्हणाली.

ऑफिसात माझा आवाज चढला की लोक चहा अर्धा टाकून जागेवर येतात. आईपुढे मात्र माझ्या तोंडून "चलो, पॅक कर दो" एवढंच निघालं.

घरी तिने कापूस भरला. या शूजना पावलावरून इलास्टिकची पट्टी आपणच शिवायची असते. ती तिने चांगली ऐसपैस शिवली, रक्त खेळतं राहायला हवं म्हणून.

आणि मला घोर लागलेला, कारण क्लासच्या कार्यक्रमात एक गिरकी मला एकटीला मिळाली होती. बाकी सगळ्या मुनिरक्यात खोली घेऊन राहणाऱ्या कॉलेजच्या पोरी, भिंगरीसारख्या फिरायच्या. मला ती एकच गिरकी हवी होती. लहानपणापासून हवी होती, आणि न पडता हवी होती.

कार्यक्रमाला आई पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन. मी हात वर केले, गर्रकन फिरले आणि डाव्या पायातला शू सुटला. कापूस उधळत तो थेट आईच्या पर्सवर जाऊन पडला. हॉलभर खसखस पिकली. मी अर्ध्या गिरकीत, तोंड भिंतीकडे. वाटलं, आता इथूनच घरी पळावं.

"अगं, दुसरा पण काढ!" आई उभी राहून ओरडली. "आणि फिर परत!"

काढला. फिरले. पडले नाही! पोरींनी शिट्ट्या मारल्या, "आंटी, वन्स मोर!"

दुसऱ्या दिवशी आईच मला ओढत त्या दुकानात घेऊन गेली.

"भैया, एकदम फिट वाला दो," ती म्हणाली. "इसका पाँव अब नहीं बढ़ेगा."

सुटले बाई, असं वाटायला हवं होतं. पण मला भर दुकानात रडूच फुटलं. आई घाबरली. खाली वाकून तिने अंगठ्याने माझ्या पायातल्या नव्या शूचं टोक दाबलं.

"घट्ट होतोय का गं?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर बसलाय."